डोळ्यातल्या विषाणूवरचे ड्रॉप आणि मलम: काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत माझं औषधाचं दुकान आहे. पावसाळा लागला की दिवसातून कितीतरी वेळा तेच वाक्य कानावर येतं, "डोळे आलेत, एक ड्रॉप द्या." समोरचा माणूस घाईत असतो, मागे दोघं-तिघं उभे असतात, आणि मला जे सांगायचं असतं ते अर्धवट राहतं. ते सगळं इथे निवांत लिहिते आहे. डोळा तपासण्याचं काम नेत्रतज्ज्ञाचं. माझं काम, हातात आलेलं औषध नीट वापरलं जावं आणि नको ते औषध डोळ्यात जाऊ नये, एवढंच.

डोळे आलेत. व्हायरसवरचा ड्रॉप द्याल का?

बहुतेकांना तो लागतच नाही. साथीत जे डोळे येतात ते बऱ्याचदा अॅडिनोव्हायरसमुळे, आणि त्याला मारणारा ड्रॉप बाजारात नाही. व्हायरसवरची जी औषधं मिळतात, असायक्लोविर किंवा गॅन्सिक्लोविर, ती हर्पिसच्या कुळातल्या विषाणूंसाठी आहेत. असायक्लोविरचं काम मोठं नेमकं आहे. ते डोळ्यात जातं तेव्हा निष्क्रिय असतं. हर्पिसचा विषाणू स्वतःचं एक विकर (एन्झाइम) तयार करतो, आणि ते विकरच या औषधाला जागं करतं. जागं झालेलं औषध मग विषाणूला स्वतःच्या नव्या प्रती काढू देत नाही. अॅडिनोव्हायरसकडे ते विकर नाही, त्यामुळे तुम्ही ट्यूब संपवली तरी त्याला काही फरक पडत नाही. डोळ्याच्या पृष्ठभागाला औषधाचा त्रास मात्र होतो.

साथीचे डोळे आपोआप उतरतात, पण एक ते तीन आठवडे धीर धरावा लागतो. थंड पाण्यात पिळलेल्या स्वच्छ कापडाच्या पट्ट्या आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब यांनी बराच आराम पडतो. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर जी साथ आली होती, तशा साथींमागे एंटेरोव्हायरसच्या गटातले विषाणूही असतात. त्यांच्यात डोळा रक्तासारखा लाल होतो, माणूस घाबरतो, आणि साधारण आठवडाभरात बरा होतो. त्यांच्यावरही विषाणूरोधक ड्रॉप नाही.

मग ही महागडी ट्यूब कोणासाठी असते?

ज्याच्या बुबुळावर हर्पिस सिम्प्लेक्सची जखम झाली आहे, त्याच्यासाठी. ताप येऊन गेल्यावर काहींच्या ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात ना, तोच विषाणू. तो लहानपणी कधीतरी शरीरात शिरतो आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत वर्षानुवर्षं झोपून राहतो. ताप, कडक ऊन, आजारपण, मोठा ताण असं काही झालं की उठतो आणि कधी ओठाकडे, कधी डोळ्याकडे येतो.

डॉक्टर डोळ्याला फ्लुरेसिन नावाच्या रंगाची नारिंगी कागदी पट्टी हलकेच टेकवतात आणि स्लिट लॅम्प या तपासणीच्या दिव्याचा निळा प्रकाश टाकतात. तेव्हा बुबुळावर झाडाच्या वाळक्या फांदीसारखी हिरवी रेघ चमकते, तिला फाटे फुटलेले असतात आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला बारीक गाठ असते. ही फांदी दिसली की ट्यूब लिहिली जाते. साध्या डोळ्यांनी, आरशात किंवा मोबाइलच्या फोटोत ती दिसत नाही. म्हणूनच फोटो पाठवून "कोणता ड्रॉप घालू?" असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. राग येतो लोकांना, पण इलाज नाही.

आपल्याकडे मुख्यतः ३ टक्के असायक्लोविरचं डोळ्याचं मलम किंवा ०.१५ टक्के गॅन्सिक्लोविरचं जेल लिहून देतात. दोन्ही दिवसातून ५ वेळा. काही देशांत ट्रायफ्लुरिडिनचे थेंब वापरतात. त्यांची बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि ते २१ दिवसांपलीकडे घालायचे नसतात, कारण तेच औषध बुबुळाच्या त्वचेला इजा करू लागतं.

घरच्या घरी ओळखता येईल का, साधे डोळे आलेत की हर्पिस?

खात्रीने नाही, पण कधी घाई करायची हे ओळखता येतं. साथीत एका डोळ्यातून सुरू होऊन दोन-चार दिवसांत दुसराही लाल होतो, पाणी वाहतं, कानासमोरची गाठ दुखते, घरात आणखी कुणाला तरी असतं. नुसती खाज आणि दोन्ही डोळे एकदम, तर बहुधा अॅलर्जी. सकाळी पापण्या पिवळट-हिरव्या चिपडांनी घट्ट चिकटल्या तर जिवाणूंचा संशय. हर्पिस बहुधा एकाच डोळ्यात असतो. उजेड सहन होत नाही, खडा गेल्यासारखं खुपतं, नजर पुसट होते. फसवं हे की हा विषाणू बुबुळाची संवेदनाच कमी करतो. त्यामुळे जखम मोठी होत जाते आणि दुखणं मात्र कमी वाटतं. "दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं" हे इथे चालत नाही.

मागच्या वेळी एका ड्रॉपने दोन दिवसांत डोळा पांढरा झाला होता. तोच द्या ना?

या प्रश्नासाठीच मी हे सगळं लिहायला बसले.

लोक ती रिकामी बाटली काउंटरवर ठेवतात. लेबल अर्धं सोललेलं असतं. उरलेल्या अर्ध्यावर बारीक अक्षरात डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन किंवा फ्लोरोमेथोलोन असं काहीतरी असतं, बऱ्याचदा एखाद्या अँटिबायोटिकच्या जोडीने. ही स्टिरॉइडं. लाली, सूज, खुपणं ती झपाट्याने उतरवतात, कारण शरीराचा प्रतिकारच ती दाबून टाकतात. ज्या डोळ्यात हर्पिसची फांदी आहे तिथे हा प्रतिकार दाबला की विषाणूला मोकळं रान मिळतं. फांदीचा मोठा पसरट व्रण होतो. डोळा वरून पांढरा आणि आतून खात चाललेला.

माझे मामा पलूसकडचे, द्राक्षबागायतदार. फवारणीच्या दिवसांत त्यांचा उजवा डोळा लाल झाला. फवाऱ्याचं औषध उडालं असेल म्हणून त्यांनी जवळच्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय असाच "लाल डोळ्याचा" ड्रॉप आणला. तीन दिवस बरं वाटलं, मग पुसट दिसू लागलं, तर त्यांनी दिवसातून चारदा घालायचा तो सहादा घालायला सुरुवात केली. तीन आठवड्यांनी मिरजेला दाखवलं तेव्हा व्रण बुबुळाच्या मधोमध आला होता. महिन्याभराच्या उपचाराने विषाणू आटोक्यात आला, पण डोळ्यात फूल पडलं ते कायमचं. आजही मामा समोरून येणारा माणूस ओळखायला मान थोडी डावीकडे वळवतात. विकणाऱ्याने एकदा चिठ्ठी मागितली असती तर हे टळलं असतं. तेव्हापासून माझ्या दुकानात स्टिरॉइडचा ड्रॉप चिठ्ठीशिवाय मिळत नाही, ओळखीच्यांनाही नाही. कायद्यानेही ही औषधं चिठ्ठीवरच द्यायची असतात. वेष्टनावरची उभी लाल रेघ त्याचीच खूण आहे.

स्टिरॉइड वाईटच असतं असं नाही. हर्पिस बुबुळाच्या खोल थरात सूज आणतो तेव्हा नेत्रतज्ज्ञ स्वतः स्टिरॉइड देतात, पण विषाणूरोधक औषधाच्या संरक्षणाखाली आणि दर काही दिवसांनी तपासत. ते दीर्घकाळ स्वतःच्या मनाने घातलं तर डोळ्याचा दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदू लवकर येतो.

मलम डोळ्यात घालायचं कसं? अर्धं गालावरच येतं.

आधी साबणाने हात धुवा आणि कोरडे करा. बसून किंवा आडवं पडून मान मागे टाका. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढली की आत लालसर झोळी दिसते. औषध त्या झोळीत घालायचं, बुबुळावर नाही. मलम किंवा जेल असेल तर साधारण १ सेंटिमीटरची वात झोळीत सोडा. ट्यूबचं तोंड पापणीला, पापणीच्या केसांना किंवा बोटाला लागू द्यायचं नाही. लागलंच तर स्वच्छ टिश्यूने पुसा आणि पुढची थोडी वात फेकून द्या. मग डोळा अलगद मिटा, आत चोहीकडे फिरवा. करकचून मिटू नका, चोळू नका.

थेंब असेल तर एकच पुरे. बाटलीतून पडणारा एक थेंब डोळ्याच्या झोळीत मावतो त्यापेक्षा मोठाच असतो. दुसरा थेंब गालावर जातो किंवा नाकात उतरतो, आणि मग घशाला कडू लागतं. डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने एक-दोन मिनिटं हलका दाब दिला की औषध डोळ्यातच राहतं.

वयस्कर माणसांचे हात थरथरतात. त्यांनी स्वतः घालण्याचा हट्ट करू नये, घरातल्या कुणीतरी घालावं. घालणाऱ्याने आधी आणि नंतरही हात धुवावेत. नंतरचे हात धुणं बहुतेक घरांत विसरलं जातं, आणि तिथूनच दुसऱ्याचे डोळे येतात.

चिठ्ठीवर तीन औषधं आहेत. सगळी एकदम घालू?

नको. आधी पातळ थेंब, मग ५ ते १० मिनिटांनी दुसरा थेंब, आणि मलम सर्वात शेवटी. मलम आधी घातलं की त्याच्या थरामुळे नंतरचा थेंब आत शिरत नाही.

दिवसातून ५ वेळा कसं जमवायचं? मी शेतावर असते.

सकाळी उठल्यावर, न्याहारीनंतर साधारण दहाला, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना. झोपेतून उठून घालण्याची गरज बहुतेक वेळा नसते. एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर घाला, पण पुढची वेळ जवळच आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दुप्पट घालून काही उपयोग नाही. ट्यूब शेतावर नेणार असाल तर पिशवीत सावलीत ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि मोटरसायकलच्या डिकीत त्याहून जास्त तापतं.

बरं वाटतंय. थांबवू का?

तुमच्या मनाने थांबवू नका आणि लांबवूही नका. जखम भरली हे डॉक्टर दिव्याखाली बघून सांगतात. असायक्लोविरचं मलम जखम भरल्यावरही साधारण आणखी ३ दिवस चालू ठेवायला सांगतात. गॅन्सिक्लोविरचं जेल जखम भरेपर्यंत ५ वेळा आणि मग ७ दिवस ३ वेळा. लवकर थांबवलं तर उरलेला विषाणू पुन्हा डोकं काढतो. उगाच महिनाभर घालत राहिलात तर औषधानेच बुबुळ खरखरीत होतं आणि डोळा पुन्हा लाल. मग लोक म्हणतात, "औषध लागू पडलं नाही."

घातल्यावर झोंबतं आणि सगळं धुरकट दिसतं.

थोडं झोंबणं आणि मलमानंतर काही वेळ पुसट दिसणं अपेक्षित आहे. दृष्टी स्वच्छ होईपर्यंत गाडी चालवू नका, उसाच्या मोळ्या बांधण्याच्या कामाला किंवा यंत्राजवळ जाऊ नका. पापण्या सुजल्या, त्वचेवर पुरळ आलं, झोंबणं रोज वाढत गेलं तर थांबा आणि डॉक्टरांना विचारा. दोन-तीन दिवसांत काहीच फरक नसेल तरीही लगेच दाखवा. तेव्हा निदानाकडेच पुन्हा बघावं लागतं.

घरात असायक्लोविरची क्रीम आहे. तेच औषध ना?

नाव तेच, पण ती त्वचेची ५ टक्क्यांची क्रीम आहे. औषध ज्या लेपात मिसळलेलं असतं तो वेगळा आणि ती निर्जंतुक नसते. ती डोळ्यात घालायची नाही. ट्यूबवर "ऑफ्थॅल्मिक" किंवा "आय ऑइंटमेंट" असं लिहिलेलं पाहिल्याशिवाय डोळ्यात काहीही घालू नका. कानाचे थेंबही सारख्याच बाटलीत येतात. माझ्या आईच्या औषधांच्या डब्यात मी डोळ्याच्या बाटल्यांना लाल दोरा बांधून ठेवला आहे, चष्म्याशिवायही बोटांना कळतो.

कपाळावर आणि पापणीवर नागीण उठली आहे. डोळ्यात ड्रॉप घालून चालेल?

नुसत्या ड्रॉपवर अजिबात अवलंबून राहू नका. नागीण वेगळ्या विषाणूची, कांजिण्यांच्या. तिथे पोटातून गोळ्या लागतात. सर्वसाधारणपणे प्रौढांना असायक्लोविर ८०० मिलिग्रॅम दिवसातून ५ वेळा, ७ ते १० दिवस, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बदलते. गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर सर्वाधिक फायदा. नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूवर फोड आले असतील तर डोळ्यालाही धोका असण्याची शक्यता खूप वाढते, कारण दोन्हीकडे त्याच नसेची शाखा जाते. मंत्र-उतारा करायचा असेल त्यांनी तो नंतर करावा, आधी दवाखाना.

उसाचं पातं डोळ्याला लागलं आणि आता डोळा लाल आहे. व्हायरसवरचं औषध चालेल?

नाही. आपल्या भागात हे विशेष सांगावं लागतं. वाळव्यापासून पलूसपर्यंत ऊसच ऊस. तोडणीच्या हंगामात पाचट, पातं, कुसळ डोळ्याला लागतं. वनस्पतीच्या अशा ओरखड्यातून बुबुळात बुरशी शिरते. बुरशीवर विषाणूचं औषध चालत नाही, जिवाणूंचं चालत नाही, आणि स्टिरॉइड तर तिला खतपाणी घालतं. दोन-चार दिवसांत बुबुळावर पांढुरका ठिपका दिसला तर त्याच दिवशी निघा. जाताना डोळ्याला काय लागलं ते डॉक्टरांना नक्की सांगा, त्यावर निदान ठरतं.

मध, गुलाबपाणी, आईचं दूध, हळदीचं पाणी?

सांगलीची हळद देशभर जाते, तिच्याबद्दल मला अभिमानच आहे. पण डोळ्यात नको. यातलं काहीच निर्जंतुक नाही, आणि जखम झालेल्या बुबुळावर जिवाणूंना आयतं खाद्य मिळतं. काजळ आणि सुरमाही बरं होईपर्यंत बंद. आजी रागावली तर तिला सांगा, थंड पट्ट्या ठेवायला हरकत नाही, ते तिनेच करावं.

डोळे आलेल्याकडे बघितलं की आपले येतात का?

नाही. बघण्याने काही होत नाही. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो, साथ रोखत नाही. विषाणू हातावरून, टॉवेलवरून, उशीच्या अभ्र्यावरून, मोबाइलवरून पसरतो. अॅडिनोव्हायरस कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, कधी आठवड्यांपर्यंत टिकतो, आणि अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याच्यावर फारसं भरवशाचं नाही. साबण आणि पाणीच बरं. रोग्याचा टॉवेल वेगळा. पुराच्या दिवसांत लोक निवारा केंद्रात एकत्र राहतात तेव्हा हे पाळणं किती अवघड असतं हे २०१९ ला आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. तिथे निदान औषधाची बाटली तरी दोघांत मिळून वापरू नका. एकाच माणसाचे दोन डोळे असतील आणि एकच आजारी असेल, तर चांगल्या डोळ्याला तेच नोझल लावू नका.

गरोदरपण, लहान मूल, कॉन्टॅक्ट लेन्स?

गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर चिठ्ठी लिहिण्याआधीच डॉक्टरांना सांगा, गॅन्सिक्लोविरच्या बाबतीत तर नक्कीच. गॅन्सिक्लोविर जेलची २ वर्षांखालच्या मुलांमधली सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. जन्मल्यापासून महिनाभराच्या आत बाळाचा डोळा लाल झाला, चिकटला, सुजला तर घरी वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. लेन्स काढून ठेवा आणि उपचार संपल्यावरही डॉक्टर सांगेपर्यंत घालू नका. आजारपणातली लेन्स आणि तिची डबी टाकून द्या.

माझा हर्पिस परत परत येतो. आयुष्यभर मलम घालायचं का?

मलम नाही. वारंवार होणाऱ्यांसाठी डॉक्टर कधी गोळ्यांचा लांब कोर्स देतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात असायक्लोविर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १२ महिने दिलं. गोळी घेणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांना वर्षभरात पुन्हा झाला, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांना. म्हणजे पूर्ण बंद नाही, पण बराच कमी. ज्यांच्या बुबुळावर आधीच डाग आहे त्यांच्यासाठी एक झटका टळणं फार मोलाचं. त्यात मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि पाणी भरपूर पिणं हे आलंच.

कुठे दाखवायचं? खाजगीत खर्च परवडत नाही.

सांगलीचं सिव्हिल, मिरजेचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. दोन्हीकडे नेत्रविभाग आहे. लांबच्या वाडीतले असाल तर आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा, ते पुढे पाठवतील. नजर कमी झाली, उजेड सहन होत नाही, डोळा आतून ठणकतो, बुबुळावर पांढरा ठिपका आहे किंवा कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्याचा डोळा लाल झाला, तर रविवार असला तरी थांबू नका. जाताना आतापर्यंत घातलेल्या सगळ्या बाटल्या आणि ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा. डॉक्टरांना नावं वाचू द्या.

उरलेली ट्यूब पुढच्या वेळेसाठी ठेवू का?

नको. उघडलेली बाटली किंवा ट्यूब साधारण महिनाभरानंतर वापरायची नसते, वेष्टनावर याहून कमी मुदत असेल तर तीच धरा. उघडताना पेनाने तारीख लिहून ठेवत जा. आणि पुढच्या वेळी डोळा लाल झाला तर तो याच कारणाने झाला असेल असं कुणी सांगावं? तोंड घट्ट बंद करून केरात टाका, लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी. शेजारणीला "तुलाही उपयोगी पडेल" म्हणून देऊ नका.